शनिवारी वळलेले गोळे

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे खिम्याचे गोळे वळणं. शनिवारची दुपार कलली होती. उन्हाळ्याचे दिवस. ऑकलंडच्या ओटाहुहू भागातल्या आमच्या भाड्याच्या घरात त्या वेळेला ऊन सरळ ओट्यावर येतं. बायकोने खिमा मळला, मी गोळे वळले. मळायचं तिने आणि वळायचं मी, ही वाटणी तिची होती. ती मोडायची माझी छाती नव्हती.

"लहान करा," ती म्हणाली.

"लहानच आहेत."

"हा बघा. हा लाडू झाला. उद्या बारसं आहे का आपल्याकडे?"

मी त्या लाडवाचे दोन केले. तिने एक उचलून दुसऱ्याशेजारी धरला, डोळा बारीक करून पाहिला आणि ताटात ठेवला. उभी उमर मी पिंपरीच्या कारखान्यात लेथवर काढली. माप हातात बसलेलं आहे. तिला ते माहीत होतं, म्हणून तर चिडवायची. "तुमचे गोळे बघून वाटतं, आता यांना आटे पाडून कुठेतरी बसवणार."

ताट भरलं. तिने वरून प्लास्टिक ओढून घेतलं आणि ते फ्रीजमध्ये ठेवलं. शेजारी हाडांच्या पाण्याची बरणी होती, ती सकाळीच उकळून गाळून ठेवली होती. हात धुता धुता म्हणाली, "उद्या बटाटे तुम्ही सोला. ग्रेव्ही माझ्याकडे."

मग मागे दोरीवरचे कपडे काढायला गेली. कपडे टोपलीत घेऊन मागच्या पायरीवर बसली. मला खिडकीतून तिची पाठ दिसत होती. दम खात असेल म्हटलं. बराच वेळ उठली नाही तेव्हा हाक मारली. ओ आली नाही.

अँब्युलन्स लगेच आली. त्या पोरांनी पायरीवरच खूप खटपट केली, त्यांना बोल लावायला जागा नाही. दवाखान्यात मुलगा आणि सून आले. डॉक्टरीणबाई इंग्रजीत बोलली. मला इंग्रजी थोडं कळतं, पण तिने बोलायच्या आधी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, तिथेच सगळं कळलं.

त्याबद्दल मला एवढंच लिहायचं आहे. रडलो. ज्याला त्याला रडता येतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मी चौथी शिकलेला माणूस आहे, मला सांगायचं आहे ते फ्रीजमधल्या ताटाचं.

आधी हे गोळे म्हणजे काय ते सांगतो. आमची सून फिनलंडची. मुलगा ऑकलंडमध्ये कॉम्प्युटरचं काम करतो, तिथे त्यांची ओळख झाली. गोरी, उंच, कमी बोलणारी. आम्हाला इथे बोलावून घेतलं तेव्हा मुलगा म्हणाला, आमच्यातच राहा. बायको म्हणाली, "एका ओट्यावर दोन बायका नकोत. आम्ही वेगळं राहतो, रविवारी जेवायला या." तसंच झालं. दर रविवारी मुलगा, सून आणि नात आमच्याकडे.

एका रविवारी बायकोने सुनेला विचारलं, तुला तुझ्या घरचं काय खावंसं वाटतं? मुलाने मध्ये बसून दोन्हीकडचं सांगितलं. सून म्हणाली, आईच्या हातचे खिम्याचे गोळे, वर क्रीमची ग्रेव्ही, उकडलेले बटाटे आणि बाजूला आंबटगोड जॅम. बायको म्हणाली, "एवढंच ना? कोफ्तेच की."

पुढच्या रविवारी केले. आलं-लसूण घातलं, हिरवी मिरची घातली, कोथिंबीर घातली, गरम मसाला तर घातलाच. ग्रेव्हीत क्रीमच्या आधी हळद. सुनेने सगळं खाल्लं, परत मागून घेतलं, थँक्यू म्हणाली. मग गाडीत काहीतरी विसरलं म्हणून बाहेर गेली. बायको तिच्यामागे कचरा टाकायला गेली तर पोरगी गाडीत बसून रडत होती.

आत आल्यावर बायको मला म्हणाली, "तिने तिच्या आईचं मागितलं आणि मी तिला माझ्या आईचं वाढलं."

मी म्हटलं, "तिखट लागलं असेल."

"गप्प बसा. तिखटाने कुणी असं रडत नाही."

त्या हिवाळ्यात तिने ते शिकून घेतलं. शनिवार शनिवार सुनेला बोलवायची. सुनेला मराठी येत नव्हतं, हिला इंग्रजी येत नव्हतं. ओट्यावर जेवढे शब्द लागतात तेवढे मात्र सून शिकली. मीठ, पाणी, ढवळ, बस, अजून. आजही तिचं मराठी म्हणजे स्वयंपाकाचं मराठी आहे. बाजारात नेली तर मुकी होते.

त्यांच्यात गाईचा आणि डुकराचा खिमा अर्धा अर्धा घेतात. आम्ही बौद्ध, आम्हाला कशाची बंदी नाही, पण बायकोचा हात मेंढीच्या मटणावर बसलेला. तिने तेच घेतलं. पावाचा चुरा क्रीममध्ये भिजवायचा, तो फुगला की त्यात खिमा, अंडं, बटरवर परतून गार केलेला कांदा, मीठ, पांढरी मिरी आणि मिऱ्यासारखे दिसणारे तपकिरी दाणे कुटून. त्या दाण्यांना लवंगेचा आणि जायफळाचा मिळून वास येतो. बस, एवढंच. ओल्या हाताने वळायचे आणि बिडाच्या तव्यात बटरवर तांबूस करायचे. तवा सुनेने दिलेला. चांगला जाड आहे, ओतकाम स्वच्छ आहे, मी पहिल्याच दिवशी उलटा करून पाहिला होता.

जॅम त्यांच्याकडे जंगलातल्या लाल फळांचा असतो. ती इथे मिळेनात. आमच्या मागे प्लमचं झाड आहे, त्याची कच्चट फळं घेऊन बायकोने जॅम केला. सून म्हणाली, चालेल. नंतर नंतर म्हणायला लागली, हाच पाहिजे.

ग्रेव्हीत मात्र बायको सुनेच्या पुढे गेली. सून तव्यात मैदा टाकायची, जरा हलवायची की लगेच पाणी. ग्रेव्ही पांढरी व्हायची, खळीसारखी. बायकोने दोनतीनदा पाहिलं आणि डाव तिच्या हातातून काढून घेतला. "अगं, बेसन भाजतात तसा भाज की! कच्चा मैदा खायला घालतेस होय माणसांना?" आणि लाडवाचं बेसन भाजावं तसा तिने तो मैदा मंद आचेवर बटरमध्ये भाजला. चांगला विटकरी होऊ दिला. मग हाडांचं पाणी, आणि सगळ्यात शेवटी आच बंद करून क्रीम.

पुढच्या वर्षी सुनेची आई आली. विहीणबाईंना वाढलं. बाईने ग्रेव्हीत बटाटा बुडवला, खाल्ला आणि काटा खाली ठेवून सुनेशी बरंच बोलली. आम्हाला वाटलं, झालं, काहीतरी चुकलं. सून सांगायला लागली, मुलाने मराठी केलं: "त्या म्हणतात, ही माझी ग्रेव्ही नाही. ही माझ्या आईची आहे. मला घाई असायची, मी कधी एवढा मैदा भाजला नाही."

विहीणबाई गेल्यावर बायको मला म्हणाली, "बेसन भाजता आलं की जगात कुठेही पोट भरतं."

ग्रेव्ही करताना मी स्वयंपाकघरात नसायचो. माझं काम वळण्यापर्यंत. रविवारी गोळे तळून झाले की मी पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसून रस्ता बघायचो. ती आतून ओरडायची, "आला का?"

म्हणजे वास. पिठाचा कच्चा वास जाऊन खरपूस वास सुटतो तो.

मी म्हणायचो, "नाही."

थोड्या वेळाने पुन्हा, "आला का हो?"

"आला!"

की लगेच पाणी ओतल्याचा चर्र आवाज. मला वाटायचं, मी झोपलो की काय ते ती बघते.

तर शनिवारी ती गेली. इथे आपल्यासारखं नाही, की सकाळी गेलं आणि संध्याकाळी आटोपलं. अचानक गेलेलं माणूस ते ठेवून घेतात, तपासतात, कागद करतात. मंगळवारी देतो म्हणाले. मुलगा म्हणाला, बाबा, आमच्या घरी चला. मी म्हटलं, मी माझ्या घरी जाणार. मग तेच माझ्याकडे राहिले.

रविवारी सकाळी उठलो आणि चहाला दूध काढायला फ्रीज उघडला. समोर ताट. सगळे गोळे एका मापाचे, एकेका ओळीत. तेवढ्यात तिची मैत्रीण आली. आमच्याच रस्त्याच्या टोकाला राहते. पौर्णिमेला कुणाकुणाच्या घरी वंदनेला जमतो, तिथे दोघींची गट्टी जमली होती. बाई आली ती खिचडीचा मोठा डबा घेऊनच. रात्रभर फोनकार्डं खरवडून तिनेच पुण्याला सगळ्यांना कळवलं होतं. रडून रडून डोळे सुजलेले. डबा ठेवला, मुलाला जवळ घेतलं, आणि मी फ्रीजमधून ताट काढतोय हे पाहिल्यावर म्हणाली,

"भाऊ, ते काय?"

"गोळे. काल केलेले. तळायचे आहेत."

"आज शेगडी पेटवायची नाही, भाऊ."

"का?"

"का म्हणजे? घरातलं माणूस गेलंय."

"सुतक आपल्यात कधीपासून आलं?"

"सुतक नाही हो. पण रीत असते. मी आणलंय ना सगळं. संध्याकाळचं आणखी कोणी आणेल. तुम्ही नुसते बसा."

"मी बसायला पाहुणा आलोय का? माझं घर आहे."

बाई चांगली आहे, वाईट मनाने बोलली नव्हती. सुतकपातक आम्ही सोडून दिलं, पण मेलेल्याच्या घरात चूल पेटवायची नाही, हे काही आमच्याही कुणाच्या घरातून गेलेलं नाही. मला ते माहीत आहे. माझी आई गेली तेव्हा शेजाऱ्यांनीच जेवू घातलं होतं. पण आईने जाताना पीठ भिजवून ठेवलेलं नव्हतं.

"आणि तेही मटण," बाई हळूच म्हणाली.

"तिने काल पुरण शिजवून ठेवलं असतं तर पोळ्या लाटल्या असत्या. मटण मळून ठेवलंय."

मुलगा मध्ये पडला. "बाबा, असं करू. फ्रीजरमध्ये ठेवू. नंतर शांतपणे करू कधीतरी."

"तुझ्या आईला तिकडे बर्फात ठेवलंय," मी म्हटलं. "आता तिच्या हातचंही बर्फात घाल."

मला काही वाईट वाटलं नाही. खरं ते बोललो. जरा वेळाने त्याने बटाट्याची पिशवी काढली, टेबलाशी बसला आणि सोलायला लागला. काम माझं होतं, पण दिलं त्याला करू.

मी बिडाचा तवा शेगडीवर ठेवला. बटर घातलं. फेस बसल्यावर निम्मे गोळे सोडले. सगळे एकदम घातले तर तवा थंड पडतो, गोळे तळले जात नाहीत, उकडतात. तवा हलवत राहिलो, सगळ्या बाजूंनी तांबूस झाले. एकही फुटला नाही. तिने मळलेलं होतं, फुटणार कसा? ते काढून ठेवले आणि तव्यात जे बटर आणि खरवड उरली होती, त्यात मैदा टाकला. म्हटलं, ग्रेव्हीचं सुरू करू, बाकीचे गोळे नंतर टाकू.

तिथे चुकलो. तव्यावर वाकून उभा राहिलो. एकसारखा ढवळत होतो, डोळ्यात तेल घालून बघत होतो. पण नाकात बटराची वाफ, तळलेल्या मटणाचा वास, सगळं एकत्र. कच्चं काय, खरपूस काय, काही वेगळं कळेना. अजून नाही, अजून नाही म्हणता म्हणता तळाशी काळं झालं. दार उघडं होतं तरी घरभर कडू धूर. नात आतून नाक धरून आली. "आबा, इट स्मेल्स बर्न्ट."

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

मैत्रीण पदराने धूर वारत म्हणाली, "राहू द्या आता, भाऊ. नुसते गोळे खाऊ. झालं की."

नुसते गोळे खायचे तर वर काय घालायचं, खिचडी? तिचं काम अर्धवट सोडायचं असतं तर मी सुरूच केलं नसतं. तवा सिंकमध्ये ओतला, गरम पाण्याने घासला, पुसला, पुन्हा शेगडीवर ठेवला. निम्मे गोळे अजून होते. त्यांची खरवड एकदाच मिळणार होती. ती जाळली की संपलं. त्या खरवडीशिवाय ती ग्रेव्ही होत नाही. विहीणबाई सांगून गेल्या होत्या, आणि बायको तर दर रविवारी सांगायची.

दुसरे गोळे तळून काढले. मैद्याचा डबा हातात घेतला आणि थांबलो. सून माझ्या शेजारी येऊन उभी होती. कालपासून तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. ती तव्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बायको मला झोपलाय का म्हणून विचारत नव्हती. शेगडीपाशी उभं राहिलं की नाक भरतं, काही कळत नाही. लांब बसलेल्याला कळतं. इतके रविवार ती माझ्या नाकावर मैदा भाजत होती आणि मला पत्ता नव्हता.

मी मैदा तव्यात टाकला आणि डाव सुनेच्या हातात दिला.

"ढवळ," मी म्हटलं. तेवढं तिला येतं.

तिने ढवळायला सुरुवात केली. मी पुढच्या खोलीत गेलो आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसलो. मुलाला वाटलं, बाबांचा धीर सुटला. सुरी ठेवून तो उठायला लागला, मी हाताने बस म्हणून खूण केली. मैत्रीण दारात उभी राहून एकदा माझ्याकडे, एकदा सुनेकडे बघत होती. रस्त्यावर शेजारचा पोरगा अनवाणी सायकल चालवत होता. मी नेहमीसारखं त्याच्याकडे बघत राहिलो.

आधी पिठाचा वास आला. कोरडा, दुकानात पोतं फोडल्यावर येतो तसा. मग नुसता बटरचा. मग बराच वेळ काहीच नाही. डाव तव्यावर घासल्याचा आवाज तेवढा येत होता.

आणि आतून सुनेचा आवाज आला. तिच्या त्या आखूड, अडखळत्या मराठीत, पण चाल सगळी सासूची.

"आला का?"

मला वाटतं, तिला त्याचा अर्थही माहीत नसेल. ग्रेव्ही करताना हे ओरडायचं असतं, एवढंच तिने इतके रविवार ऐकून धरलं होतं.

"नाही," मी म्हटलं.

डाव फिरत राहिला. मैत्रीण दारातच खाली बसली आणि तोंडाला पदर लावला. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. माझं काम चाललं होतं.

"आला का हो?"

दिवाळीत आमच्या पिंपरीच्या चाळीत दुपारी घराघरातून यायचा तसा वास, फक्त जरा जास्त खारट. आला होता. जाणारही होता, असा वास फार वेळ थांबत नाही.

"आला!" मी ओरडलो.

चर्र झालं.

उठून आत गेलो. सून हाडांचं पाणी थोडं थोडं घालत होती, एकही गुठळी नव्हती. रंग विटकरी. तिच्या हातची आजवरची पांढरी खळ नव्हे. तिने माझ्याकडे पाहिलं, मी शेगडीचं बटण बंद केलं, तिने क्रीम ओतलं. सगळे गोळे आत सोडले. मीठ मी बघितलं. बस होतं.

खिचडीही वाढली, टाकायची कशाला? पण ताटात आधी बटाटे, गोळे, वर ग्रेव्ही, कडेला प्लमचा जॅम. नातीने जॅम जास्त घेतला, कुणी ओरडलं नाही. मुलगा मान खाली घालून खात होता. मैत्रिणीने नको नको म्हणत एक गोळा घेतला, मग दुसरा घेतला. "ताईने मीठ कमीच घातलंय," ती म्हणाली.

"कमीच घालायची," मी म्हटलं. "ग्रेव्हीत असतं."

"मग ग्रेव्ही वाढा की. हात का आखडता घेताय?"

वाढली. मीही दोन वेळा घेतलं. ताटात एकही गोळा उरला नाही, तवा पावाने पुसून झाला.

सगळे उठल्यावर सून भांडी घासायला आली. तवा मी तिच्या हातून घेतला. तो घासून सिंकपाशी ओला ठेवला तर बीड गंजतं. मी गरम पाण्याने धुतला, फडक्याने पुसला, शेगडीवर ठेवून पूर्ण सुकवला, बोटाने तेल फिरवलं आणि खिळ्याला अडकवला. मग मागे गेलो. पायरीवर टोपली तशीच होती. रात्रीच्या दवाने कपडे परत ओले झाले होते. ते मी दोरीवर पुन्हा वाळत घातले.